लाँच का बंद पडली

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप होतं. एका बाजूला लेथचा कारखाना, दुसऱ्या बाजूला भट्टी, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत मी. तेलाची इंजिनं, ट्रॅक्टर, ट्रक यांचे डिझेल पंप आणि नोझल तपासायचं काम माझ्याकडे यायचं. ज्यांचा याच्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाकीतलं डिझेल एक छोटा पंप ओढून घेतो आणि फिल्टरमधून गाळून मोठ्या पंपाकडे ढकलतो. मोठा पंप ते जोरानं नोझलमध्ये सोडतो, आणि नोझलमधून त्याचा बारीक फवारा सिलिंडरमध्ये उडतो. या वाटेत कुठंही दाब कमी पडला की इंजिन आधी खोकतं, मग बंद पडतं. दाब कुठं कमी पडतोय हे शोधायचं, एवढंच माझं काम. जन्मभर तेच केलं. पण लाँचचं इंजिन मी एकदाच पाहिलं, आणि ते काम झाल्यावर घरी येताना मला बरं वाटलं नाही.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. गणपती नुकतेच बोळवले होते. शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचे चेअरमन माझ्याकडे आले. स्टूल पुढं केलं तरी ते बसले नाहीत.

"मेस्त्री, एक इंजिन बघाय पायजे," ते म्हणाले.

"आणा की हिकडं. उद्या मोकळाच हाय मी."

"आणता येत न्हाय. लाँचचं हाय. नदीत उभी हाय."

त्यांचं गाव कृष्णेच्या पलीकडं. पूल नव्हता. आधी लाकडी नाव चालायची, मग दुधाचे कॅन वेळेत अलीकडं पोचावेत म्हणून संस्थेनं पत्र्याची लाँच घेतली आणि तिला दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं. पूर्वी नाव वल्हवणारा माणूसच लाँच चालवायला लागला. आषाढात नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती तेव्हा एका दुपारी गावातल्या एका पहिलटकरणीला जयसिंगपूरला दवाखान्यात न्यायची वेळ आली. लाँच निघाली आणि नदीच्या मधोमध बंद पडली. धारेला लागून खाली वाहत गेली, आणि शेवटी बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यात अडकली. लोकांनी दोर टाकून ती ओढून काढेपर्यंत पोरगी लाँचमध्येच बाळंत झाली होती. मूल जगलं नाही.

हे सगळं चेअरमननी माझ्या बेंचवरच्या एका नोझलकडं बघत सांगितलं.

"त्यानंतर इंजिन सुरू झालंच न्हाय का?" मी विचारलं.

"झालं की. दुसऱ्या दिवशी झालं. जयसिंगपूरचा एक मेस्त्री आणला, त्यानं फिल्टर बदलला, म्हणाला कचरा होता. परवा त्यालाच घेऊन पुन्हा सोडून बघितली, तर अर्ध्या नदीत पुन्हा मेली. आता त्यात कुणी बसाय तयार न्हाय. आणि लाँचवाला तर हात लावत न्हाय. म्हणतोय, माझ्याच हातनं झालंय."

माझी मुलगी तेव्हा नुकतीच पालथी पडायला लागली होती. मी जातो म्हणालो. का म्हणालो ते सांगता येणार नाही, गिऱ्हाईक दारात आलं की आपण जातो म्हणतो.

सकाळी लवकरच्या एस.टी.नं निघालो. पिशवीत पान्हे, नळ्या, आणि पंच्यात गुंडाळलेला, दाब मोजायचा प्रेशर गेज. हातकणंगल्याला चढलेल्या बायका शेजारच्या बाकावर कुणाच्या तरी बारशाबद्दल बोलत होत्या, ते मी सगळं ऐकलं. जयसिंगपूरला गाडी बदलली आणि पुढचं थोडं चालत गेलो.

लाँच आता अलीकडच्या काठाला, एका मोठ्या करंजाच्या झाडाला बांधलेली होती. नदीचं पाणी ओसरलं होतं, पण काठावर अजून पुराचा गाळ होता. झाडाखाली चाळिशी ओलांडलेला एक माणूस उकिडवा बसला होता. काळा, रुंद खांद्यांचा, हातांना वल्ह्याचे घट्टे. तोच लाँचवाला. मी त्याला मामा म्हटलं.

"मामा, काय झालतं ते जरा सांगा की."

"सांगायचं काय त्यात," तो म्हणाला. "माझी चूक हाय. ड्रममधलं डिझेल टाकीत ओतताना मी रोज धोतराचं फडकं दुहेरी लावतो. त्या दिवशी पोरीचा आरडावरडा ऐकला आणि तसंच ओतलं. कचरा गेला, फिल्टर चोंदला. त्या मेस्त्रीनं बी तेच सांगितलं."

"त्यानं काढलेला जुना फिल्टर हाय का?"

तो लाँचवर यायला तयार नव्हता. चेअरमननीच आतल्या एका डब्यात हात घालून जुना फिल्टर काढून दिला. मी तो पत्र्याच्या कात्रीनं उभा चिरला आणि आतला कागद उलगडला. काळपट होता, जसा वापरलेला प्रत्येक फिल्टर असतो. पण चोंदलेला नव्हता. तळाला गाळ नव्हता. मी तो काठावर नेऊन मामाला दाखवला.

"ह्यानं इंजिन बंद पडत न्हाय मामा. असला फिल्टर अजून महिनाभर चालला असता."

त्यानं फिल्टरकडं बघितलंच नाही. "तुमी चांगलं बोलताय," तो म्हणाला, "पण मला ठावं हाय."

मी कामाला लागलो. इंजिन सुरू केलं तर एका फटक्यात सुरू झालं, आणि काठाला उभं असताना इतकं छान चाललं की मागच्या मेस्त्रीला दोष देववेना. मोकळ्या इंजिनाला डिझेल लागतं थोडं, त्यामुळं दुखणं लपून राहतं. त्याच्यावर भार टाकायला हवा होता, आणि नदीत जायला तर कुणी तयार नव्हतं. मग मी चेअरमनना लाँचचा मागचा भाग जाड दोरानं करंजाला पक्का बांधायला लावला, छोट्या पंपाच्या पुढं माझा गेज जोडला, आणि पाण्यातला पंखा फिरावा म्हणून इंजिन गिअरमध्ये टाकलं. लाँच पुढं ओढ घ्यायला लागली, दोर ताणला, झाड हललं, पाण्याला फेस आला. आता इंजिनाला खरा घाम फुटला होता.

गेजचा काटा आधी जागेवर होता. मग अगदी हळू, डोळ्याला कळेल न कळेल इतका हळू, खाली यायला लागला.

एवढ्यात एक बाई किटली आणि कपबश्या घेऊन फळीवरून लाँचवर आली. लाँचवाल्याची बायको. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज नदीपलीकडं ऐकू जाईल असा. गाव पलीकडं, पण लाँच अलीकडं बांधली असल्यामुळं ती रोज नावेनं भाकरी घेऊन येत होती.

"च्या घ्या मेस्त्री," ती म्हणाली. मग माझ्या जवळ वाकून आवाज खाली आणला. "त्यास्नी काय बी करून ह्यातनं सोडवा. दोन म्हैनं झालं, माणूस धड जेवत न्हाय. रात्री उठून बसतोय. गावात कुणी त्वांडावर बोलत न्हाय, पण वाटेत दिसलं की बाया पदर सावरून कडंनं जात्यात. त्यांच्या हातनं झालं न्हाय असं निघू द्या."

"जे असंल ते निघंल मामी."

"निघंल," ती म्हणाली. "मला खात्री हाय."

आणि ती तिथंच कठड्याला टेकून बसली, माझे हात काय करतात ते बघत.

काटा खाली येत येत शेवटच्या खुणेशी आला आणि इंजिनानं खोकायला सुरुवात केली. मी ते बंद केलं. दाब पडतोय हे नक्की झालं. आता कुठं? मी छोट्या पंपाला टाकीतून येणारी नळी सोडवली, आणि दुसरी नळी जोडून तिचं टोक स्वच्छ डिझेलच्या डब्यात सोडलं. पुन्हा इंजिन चालू, पुन्हा दोर ताणलेला. या वेळी काटा जागचा हलला नाही. आम्ही चहा संपवला, दुसरा कप घेतला, काटा तसाच. म्हणजे पंप चांगला, फिल्टर चांगला, नोझल चांगले. दुखणं टाकीच्या बाजूला होतं. टाकीकडून येणारी नळी फुंकून पाहिली, मोकळी होती. कुठं हवा शिरत असती तर डिझेलात बुडबुडे दिसले असते, तेही नव्हते. नळी मोकळी, टाकी भरलेली, आणि तरी पंपाला डिझेल मिळत नव्हतं.

पुन्हा टाकीची नळी जोडली. काटा पुन्हा खाली यायला लागला. तो बराच खाली आला तेव्हा मी इंजिन चालू ठेवूनच टाकीचं झाकण फिरवलं. झाकण घट्ट धरून बसलेलं होतं, जणू आतून कुणी ओढून धरलंय. जोर लावल्यावर ते सुटलं आणि टाकीनं लांबलचक आवाज करत हवा आत घेतली. गेजचा काटा उडी मारून वर गेला. इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला.

चेअरमन म्हणाले, "हे काय झालं?"

"टाकीत हवा जायला जागा न्हाय," मी म्हणालो. "डिझेल जेवढं बाहेर येतं तेवढी हवा आत जाय लागते. हवा न्हाय गेली तर टाकी डिझेल सोडत न्हाय, पंपानं किती बी ओढू दे. म्हणूनच मागल्या मेस्त्रीला कळलं न्हाय. त्यानं डिझेल बघायला झाकण उघडलं असंल, तेवढ्यानं पुन्हा चालू झालं. आणि त्या दिवशी बी रात्रभर लाँच उभी राहिली तवा हवा कुठून तरी हळूहळू शिरली असंल."

अशा टाकीला हवेसाठी एक बारीक नळी असते. ती मी शोधली. मागच्या बाजूला, दोराच्या वेटोळ्याखाली, पत्र्याच्या पातळीलाच तुटलेलं तिचं तोंड होतं. मूळची वर येऊन खाली वाकलेली नळी केव्हातरी मोडली असणार. मी तारेचा आकडा करून आत घातला. तार थोडी गेली आणि कशाला तरी मऊ लागली. आकडा फिरवून ओढलं तर ते सहज येईना. दाबून बसवलेलं होतं. शेवटी ते एकदाचं बाहेर आलं. खताच्या पिशवीतला प्लास्टिकचा कागद, आणि त्याच्या आत घट्ट गुंडाळलेली हिरवी चिंधी, जुन्या लुगड्याच्या काठाची.

हे कचरा म्हणून वाऱ्यानं आलेलं नव्हतं. कुणीतरी हातानं, काळजीनं बसवलं होतं.

मी वर बघितलं. बाई माझ्या हाताकडं बघत होती. तिचा किटली धरलेला हात तसाच हवेत राहिला होता. मी मूठ मिटली आणि काठाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "हवेच्या नळीत कचरा बसलाता! वाऱ्यानं आला असंल, काय सांगता येत न्हाय."

"कचरा न्हाय त्यो," ती म्हणाली.

"मामी, ऱ्हावू दे की..."

"कचरा न्हाय. मी बसवलाय. माझ्या लुगड्याचा काठ हाय त्यो."

चेअरमन वळले. "काय बोलतीस तू?"

"खरं तेच बोलतिया." आवाज तोच होता, नदीपलीकडं जाणारा. "पाऊस लागलाता. हे रोज म्हणत हुते, डिझेलात पाणी उतरतंय, इंजिन खोकतंय. त्या दिवशी सकाळी मी ताडपत्री घालाय आले. ह्या भोकात पावसाचं पाणी सरळ आत जात हुतं. मला वाटलं, हितनंच जातंय. खताच्या पिशवीचा कागद घेतला, आत चिंधी घातली आणि काठीनं दाबून बसवली. सांजच्याला घरी आल्यावर सांगणार हुते. दुपारच्याला तर ते सगळं झालं."

"आणि मग इसरलीस?"

"इसरले न्हाय. ह्याचा त्येच्याशी काय संबंध असंल हे डोक्यातच आलं न्हाय. समदी म्हणत हुती कचरा, मला बी वाटलं कचरा."

लाँचवाला झाडाखालून उठला होता. फळीवरून चालत तो लाँचवर आला, पुराच्या दिवसानंतर पहिल्यांदा. त्यानं माझ्या हातातली चिंधी घेतली, उलटीसुलटी बघितली. बायकोकडं बघितलं नाही. मला विचारलं, "म्हंजे फडक्याचं काय न्हवतं?"

"न्हवतं मामा."

"डिझेल तसंच ओतलं, त्येचं काय न्हवतं?"

"काय सुदीक न्हवतं."

त्यानं खाली बसून इंजिनावर हात ठेवला. ते अजून गरम होतं, तरी हात काढला नाही. त्याचे खांदे जरा खाली आले. मी अनेक इंजिनांतले बिघाड शोधले आहेत, आणि सापडल्यावर होतो तो आनंद मला माहीत आहे. त्या दिवशीही तो आधी झालाच. मग दोघांना एकत्र बघितलं आणि तो ओसरला. एकाच्या डोक्यावरचं ओझं मी उतरवलं होतं, आणि त्याच हातानं ते दुसरीच्या डोक्यावर ठेवलं होतं. ज्या बाईनं मला हे काम नीट करायला सांगितलं तिच्याच.

चेअरमननी घसा साफ केला. "हे बघा, हितल्या हितं ऱ्हावू दे. नळी चोंदलीती, एवढंच गावात सांगू. झालं गेलं."

"आणि ती पोरगी?" बाई म्हणाली.

"तिनं कुठं इचारलंय?"

"कुणी इचारलं न्हाय म्हणून तर माझ्या नवऱ्यानं दोन म्हैनं दोष सोसला. आता मला कळलंय आणि मी गप बसू?" तिनं किटली खाली ठेवली. "मेस्त्री, तुमी चला माझ्यासंगं. मशिनीचं तुमीच सांगा. मी सांगितलं तर नवऱ्याला वाचवाय खोटं बोलतीया असं वाटंल."

मला जायचं नव्हतं. इंजिन दुरुस्त करायला आलेल्या माणसानं असल्या घरात का जावं? पण मी हात पुसले आणि उठलो. चेअरमननी नावेची व्यवस्था केली. ती नावेत पुढं जाऊन बसली. लाँचवाला बरोबर आला नाही, तो इंजिनाशीच बसून राहिला.

त्या पोरीचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात सासू भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती, आणि ती पोरगी सोप्याच्या खांबाला टेकून बसली होती. विशीसुद्धा नसेल. हातात काम काही नव्हतं. सासूनं पोतं अंथरलं तरी लाँचवाल्याची बायको बसली नाही. उभ्यानं तिनं सगळं सांगितलं, जसं लाँचवर सांगितलं तसंच, फक्त या वेळी आवाज चढला नाही. मग माझ्याकडं बघितलं.

मी सांगायला लागलो. दाब, पंप, टाकी. बोलता बोलता मलाच कळत होतं की हे शब्द या अंगणात किती नकोसे आहेत. मी गडबडलो. तेव्हा ती पोरगी म्हणाली, "गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत न्हाय. दुसरं पाडाय लागतंय. तसंच का?"

"तसंच," मी म्हणालो.

"ते दुसरं भोक ह्यांनी बुजवलं."

"पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून," मी म्हणालो. "त्यास्नी ठावं न्हवतं."

"व्हय. ते सांगितलं त्यांनी." मग माझ्याकडं सरळ बघून तिनं विचारलं, "बंद पडली नसती तर पोचलो असतो?"

"पोचला असता."

"आणि मग?"

"त्यातलं मला कळत न्हाय ताई."

"डॉक्टरला बी कळलं न्हाय," ती म्हणाली. "म्हणाले, सांगता येत न्हाय."

सासूनं शेंगांची पाटी बाजूला सरकवली. मला वाटलं आता ती लाँचवाल्याच्या बायकोवर तुटून पडणार. पण ती सुनेकडंच बघत बोलली. "कळा सकाळीच सुरू झालत्या. मीच म्हटलं, पहिलटकरीण हाय, येळ लागतोय, भाकरी खाऊन निघू. सकाळच्याला निघालो असतो तर..." तिचं हे वाक्य सुनेनं आधी ऐकलं असावं, किंवा ऐकायचं नसावं. सून उठून आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवलं. मी पाणी पीत असताना तिनं विचारलं, "तुमाला लेकरं हायत?"

"हाय, एक," मी म्हणालो. "मुलगी. ल्हान हाय अजून." माझा आवाज इतका खाली गेला की मलाच ऐकू आला नसेल. जणू तिच्या घरातून काहीतरी उचलून मी खिशात घातलं होतं.

"बरी हाय ना?"

"बरी हाय."

तिनं मान हलवली. मग लाँचवाल्याच्या बायकोला म्हणाली, "आता तुमी जावा." रागानं नाही, मायेनंही नाही. आम्ही निघालो.

दुपारी मी हवेच्या नळीला नवा तुकडा बसवला. वर नेऊन खाली वाकवला, म्हणजे पाऊस आत जाणार नाही, आणि तोंडाला बारीक जाळी लावली. मग लाँच नदीत नेली. मामानं स्वतः सुकाणू धरलं. दोनदा आरपार जाऊन आलो, काटा जागचा हलला नाही. काठावर उभ्या असलेल्या लोकांपैकी कुणीतरी मामाला रामराम घातला. त्याची बायको भांडी घेऊन आधीच नावेनं पलीकडं गेली होती.

एस.टी.पर्यंत चेअरमन माझ्यासोबत चालत आले. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "ती नळी गेल्या साली मोडली. लाँचमध्ये म्हैस चढवताना तिचा पाय पडला. मला दाखवलीती त्यानं. मी म्हटलं, पावसाळा झाल्यावर बघू. आणि ऱ्हाऊनच गेलं." मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्यांना माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं, फक्त कुणालातरी सांगायचं होतं. गावातला माणूस नको होता, म्हणून मला सांगितलं.

रात्री घरी पोचलो तेव्हा मुलगी जागी होती. बायकोनं ती माझ्याकडं दिली. मी हात धुतले नाहीत म्हणालो. धुऊन आलो तर म्हणालो, अजून डिझेलचा वास येतोय. बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पोरीला थोपटायला लागली.

पुढच्या वर्षी, ऊस तोडायच्या दिवसांत, लाँचवाला माझ्या वर्कशॉपवर आला. फडक्यात बांधून दोन नोझल आणले होते. लाँच व्यवस्थित चालू होती, फक्त धूर जरा काळा येत होता. मी त्याला स्टूल दिलं, तो बसला. आता त्याच्या चेहऱ्यावर मांस होतं. मी मामी कशा आहेत ते विचारलं.

"हाय," तो म्हणाला. "लाँचवर पाय ठेवत न्हाय. भाकरी आणती, काठावर ठेवती, जाती. पलीकडं जायचं असलं तर लाकडी नावेनं. गावात कुणी तिला काय बोललं न्हाय, मेस्त्री. मला माघारी तरी बोलत हुती, तिला न्हाय. ती म्हणती, कुणी दोन शब्द बोललं असतं तर बरं झालं असतं."

"आणि ती पोरगी?"

"तिला मुलगा झाला. ह्या खेपेला म्हैनाभर आधीच माहेरी नेऊन ठेवलीती, अलीकडं. बारशाला सासू आमच्या घरी बोलवाय आली. ही गेली. झबलं शिवून नेलं. पण पोरगं हातात घेतलं न्हाय. समदी म्हणत हुती, घ्या की, घ्या की. तर म्हणाली, शेणाचा हात हाय. शेण कुठलं? नवं लुगडं नेसून गेलती." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "पोरीनं बी पुन्हा म्हटलं न्हाय."

मी एक नोझल खोलत होतो. तो माझ्या हातांकडं बघत होता. मग म्हणाला, "मेस्त्री, एक गोष्ट कुणाला सांगितली न्हाय. तुमी त्या दिवशी गेलात ना, त्या रात्री मला झोप लागली. दोन म्हैन्यांत पहिल्यांदा. इतकी गाढ की सकाळी तिनंच हलवून उठवलं. ती रातभर जागीच हुती. माझ्या बाजूला बसून. आणि मी घोरत हुतो."

मी नोझल फडक्यानं पुसला.

"माझ्यासाठनं केलतं तिनं," तो म्हणाला. "डिझेलात पाणी उतरतंय म्हणून मीच कुरकुर करत हुतो रोज. आणि झोपलो मी."

मी पहिला नोझल फवारा बघायच्या टेस्टरवर लावला आणि त्याचा दांडा दाबला. फवारा एका बाजूला फाटत होता, म्हणून धूर काळा येत होता. तो मी त्याला दाखवला. मग टोक घासून, साफ करून पुन्हा लावला. या वेळी फवारा गोल आणि बारीक आला. "हे ठीक झालं," मी म्हणालो. दुसरा नोझल काढायला घेतला. त्याची परतीची गाडी संध्याकाळची होती, तोवर तो तिथंच स्टुलावर बसून राहिला.